हातांचं माप

आयुष्यभर दारं-खिडक्या करणाऱ्या सुतारकाकांना उतारवयात नवंच खूळ लागलं. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्या मुलांना आधाराशिवाय बसता येत नाही, त्यांच्यासाठी ते खुर्च्या करू लागले. बायको कुरकुरायची. ते म्हणायचे, "दारं करण्यात आता काय राम राहिलाय?"

एका सात वर्षांच्या मुलीनं मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले. मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्या आईला बजावलं होतं, सोमवारी वर्गात तासभर बसली तरच प्रवेश. पोरगी हुशार, घरीच वाचायला शिकलेली. पण नव्याकोऱ्या खुर्चीत बसवली आणि तिला हसू आलं, की पाय ताठ व्हायचे अन् बाईसाहेब घसरून खाली!

"माप तर चोख घेतलं होतं! सूतभर इकडचं तिकडं नाही," काकांचा पारा चढला.

मग डोक्यात प्रकाश पडला. माप घेताना पोरीला आईनं धरलं होतं. ती बसली होती आईच्या हातांच्या जोरावर, आणि ते हात काही खुर्चीत उतरले नव्हते. स्वतःच्या गाढवपणाची काकांना मनस्वी चीड आली.

शनिवारी त्यांनी मायलेकींना पुन्हा बोलावलं.

"ताई, रोज धरता तशीच धरा. हलू नका."

आईचा एक हात कमरेपाशी, दुसरा काखेखाली, गुडघा पोरीच्या मांड्यांमध्ये. काका खडूनं खुणा करत गेले. हात होते तिथे गादीच्या पट्ट्या बसवल्या, गुडघा होता तिथे लाकडी उंचवटा, कमरेला पट्टा. रविवारी पोरीचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बैठक पुढून बोटभर उचलायला सांगितली. एरवी कुणाचं न ऐकणाऱ्या काकांनी ती मुकाट्यानं उचलली.

सोमवारी वर्गात आई सवयीनं खुर्चीला खेटून उभी राहिली. बाई गोष्ट वाचत होत्या. मुलं हसली, पोरगीही खदखदून हसली. पाय ताठ झाले, पण ती जागची हलली नाही. मग तिनं मान वळवली. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो, म्हणून सगळे थांबले.

"आई, तू... बाहेर जा."

आईचे डोळे भरून आले. सात वर्षं क्षणभर न सोडलेल्या पोरीनं असं हाकलावं, याचा थोडा रागही आला.

दारात उभे असलेले काका म्हणाले, "चला ताई, आपली हकालपट्टी झाली."

दोघं व्हरांड्यात जाऊन बसली. तास संपेपर्यंत त्यांना कुणीही हाक मारली नाही.