पंधरा बकऱ्या

माझ्या कपाटात बुद्धिबळाचे तीन संच आहेत, पण जीव आहे तो टोमॅटोच्या खोक्याच्या फळीवर खिळ्यानं आखलेल्या वाघबकरीवर. तीन खडे म्हणजे वाघ, पंधरा चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघानं बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघ कोंडायचे. गावी, डिंगोऱ्याच्या घरी, वडील नेहमी वाघ घ्यायचे आणि माझ्या बकऱ्या फस्त करून वर हसायचे. असा राग यायचा!

एका वर्षी उसातल्या बिबट्यानं आमची गाभण शेळी नेली. त्यानंतर फळी मांडली, तेव्हा वडिलांनी चिंचोके स्वतःकडे ओढले. इतके जपून खेळले की माझे तिन्ही वाघ कोंडले आणि बकऱ्या पंधराच्या पंधरा राहिल्या.

मी चिडून म्हटलं, "एक तरी द्यायची की!"

"एक दिली ना," ते म्हणाले, "तेवढी लई झाली."