राखण नावाचं खातं

ऑपरेटरबाईंना ऑफिसात कोणी नावाने हाक मारत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकवीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. रडत बसण्याऐवजी लेकीची कॉलेजची पुस्तकं घेऊन कॉम्प्युटर शिकल्या आणि बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात लागल्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे माणसं पुस्तकं मोठ्याने वाचतात, ते रेकॉर्ड होतं आणि वेबसाइटवरून घरबसल्या ऐकता येतं. ती वेबसाइट सांभाळायचं काम बाईंचं.

पहिली तक्रार घरातूनच आली. सासूबाईंची नजर चार वर्षांपूर्वी अधू झाली, तेव्हापासून त्या रोज सकाळी पुस्तक ऐकतात. सव्वाअकराला त्यांनी ऑफिसात फोन लावला.

"अगं, तुमचा वाचणारा तोतरा झालाय. खून झाला म्हणतो, आणि कुणाचा ते सांगायच्या आत गप्प!"

"नेट गेलं असेल, आई."

"नेट कुठलं जातंय? कालही याच वेळेला गप्प बसला होता."

त्या दिवशी दुपारपर्यंत आणखी नऊ फोन आले. बाईंनी सर्व्हर उघडून पाहिला. यंत्राचा जीव मेटाकुटीला आला होता. डिस्क जवळजवळ भरलेली, आणि त्यात अर्धवट गठ्ठ्यांची रास. वेबसाइटची अख्खी नक्कल काढायला कोणीतरी सुरुवात केली होती, ती पूर्ण व्हायच्या आत दुसरी, मग तिसरी. सगळं बळ त्यातच जात होतं, ऐकणाऱ्यांसाठी काही उरत नव्हतं.

'आपोआप बॅकअप' असं एक बटण असतं, ते बाईंनी बंद केलं आणि अर्धवट गठ्ठे पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले आणि पुन्हा तेच. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, "आमची नक्कल आठवड्यातून एकदाच निघते, मॅडम, तीही पहाटे. हा हुकूम तुमच्याच कुणाकडून येतोय."

मग बाईंनी नोंदी वाचायला घेतल्या. सर्व्हरकडे कोण आलं, किती वाजता आलं, काय मागितलं, ते ओळीने लिहिलेलं असतं. एक्स्चेंजमध्ये कॉलच्या चिठ्ठ्या वाचायची सवय होती, त्यामुळे कंटाळा आला नाही. बाहेरचा एकच पत्ता सारखा दिसत होता. अकराला पहिली मागणी, मग दर दहा मिनिटांनी तीच. दीड वाजला की चिडीचूप. खात्याचं नाव होतं 'राखण'.

व्यवस्थापक खुर्चीतून उठलेच. "चोर आहे! आत्ताच्या आत्ता बंद करा."

"चोर एकदा नेतो आणि पळतो, साहेब. हा रोज वेळेवर येतो आणि दीडला जेवायला जातो. हे कुणाचं तरी घर आहे."

"मग घरातला चोर!"

बाईंनी खातं कधी उघडलं ते पाहिलं. आठ वर्षं झाली होती. त्या वेळी वेबसाइट एकच माणूस बघायचा, रेकॉर्डिंगवाले काका. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. खातं बंद करायला एक क्लिक पुरेशी होती. बाईंनी ते फक्त तात्पुरतं थांबवलं आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या, "मी जरा जाऊन येते."

काकांचं घर दोन थांबे पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. दार काकूंनी उघडलं. "बरं झालं आलीस. सकाळपासून त्या डबड्यासमोर बसलेत. काहीतरी येत नाही म्हणे."

काका कॉम्प्युटरसमोरच होते. बाईंना पाहून चेहरा उजळला, पण विषय कळताच चष्मा काढून पुसू लागले.

"म्हणजे लोकांना ऐकू येत नव्हतं ते माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही, पुस्तकं वाढल्यामुळे. दोन महिन्यांत सव्वाशे नवीन आली. नक्कल आता दहा मिनिटांत होत नाही. तुमच्या कॉम्प्युटरला वाटतं, उत्तर आलं नाही, म्हणून तो परत मागतो. सर्व्हर बिचारा पहिली टाकून देत नाही आणि दुसरीला नाही म्हणत नाही."

काका हसले नाहीत. "मला सांगायला हवं होतं कुणाला तरी. पण आधी एक ऐक."

फार वर्षांपूर्वी ग्रंथालयाची एकुलती एक डिस्क मेली होती. एका निवृत्त शिक्षिकेने वर्षभर येऊन वाचलेली सहा पुस्तकं त्यात होती. तोवर त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज कायमचा गेलेला.

"सांगायला मीच गेलो. त्यांना बोलता येत नव्हतं. वहीत लिहून विचारलं, 'सगळं?' मी मान हलवली. त्यांनी वही मिटली आणि मला पाणी दिलं." काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तेव्हापासून एक नक्कल माझ्या घरी असते."

बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "उघडून बघितलीत कधी?"

"हल्ली नाही."

दोघांनी एकेक उघडून पाहिली. दोन महिन्यांतली एकही उघडेना. सगळ्या अर्धवट. काकांचा चेहरा पडला.

"मी दगड राखत बसलो होतो म्हणायचं."

"थांबा, काका. आमचीही बघू." बाईंनी कंपनीची पहाटेची नक्कल मागवली. ती आली, उघडलीही. पुस्तकांची नावं होती, वाचणाऱ्यांची यादी होती, पण आवाजाच्या फायलींचा कप्पा रिकामा. तो कप्पा यादीत कधी घातलाच नव्हता. आणि गेली दोन वर्षं सगळे त्या नकलेच्या भरवशावर निर्धास्त होते.

बाईंनी कप्पा पुन्हा एकदा उघडून पाहिला. काका मात्र ताठ बसले. "बघ! मी उगाच भीत नव्हतो."

"नव्हता, काका."

संध्याकाळपर्यंत बाईंनी ऑफिसात बसून सगळं लावून घेतलं. आवाजाचा कप्पा कंपनीच्या यादीत घातला. काकांना आठवड्यातून एकदाच, तेही फक्त नवीन आलेलं तेवढंच पाठवायचं ठरवलं. आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा न मागता फोन करायचा. जुनं खातं बंद करून काकांच्या नावाचं नवीन काढलं. व्यवस्थापकांनी कुरकुरत सही केली. रिकाम्या कप्प्याचं ऐकल्यावर त्यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: दर महिन्याला नक्कल उघडून ऐकून बघावी, जबाबदारी रेकॉर्डिंगवाल्या काकांची.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना खुनाचा उलगडा झाला. "मला पहिल्यापासून त्या डॉक्टरवरच संशय होता," एवढंच त्या म्हणाल्या.

महिना उलटला. पहिल्या तारखेला काकांचा फोन दहाला यायचा होता, तो आला बाराला. बाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"काय झालं? उघडली नाही?"

"उघडली की! वाटेल ते एक पुस्तक लावून पाहिलं. दोनच मिनिटं ऐकणार होतो गं. काकू पण येऊन बसली. आत्ता कुठे तिसरं प्रकरण संपलं."