सिस्टरची ओटी

१९८३च्या संक्रांतीला, दिवेलागणीच्या वेळी, अंधेरीतल्या आमच्या चाळीच्या बायकांनी माझ्या आईवर अन्याय केला. तिळाचे लाडू तिने वळले होते, सतरंज्या तिने अंथरल्या होत्या. हळदीकुंकवाचं तबक मात्र तिच्यासमोरून तसंच पुढे गेलं, कारण आदल्या दिवाळीत माझे वडील गेले होते.

हे घडलं धर्मभगिनींच्या शिवणवर्गात. गिरणीचा संप लांबला तशा चाळीतल्या बायका तिथे मशीन चालवायला शिकत होत्या. शिकवणारी सिस्टर वसईची. फिकट निळी साडी आणि खणखणीत मराठी. सणाला खोली तिनेच दिली होती, पण त्या दिवशी ती बाहेरगावी होती.

मी तेव्हा कॉलेजात, मोर्च्यांची पत्रकं लिहायचे. संतापाने 'हळदीकुंकवावर बहिष्कार घाला' असं पत्रक काढलं आणि जिन्यात चिकटवलं. आई म्हणाली, "तुझ्या पत्रकाने माझ्या कपाळाला बोट लागणारेय का गं?"

तिला सण मोडायचा नव्हताच. तिला सणात बसायचं होतं.

पुढच्या संक्रांतीच्या तोंडावर सिस्टरची बदली झाली. त्यांच्या संघात वरून आज्ञा येते आणि सिस्टर एक बॅग उचलून निघते. तिला कुणी विचारत नाही, तीही विचारत नाही. मला हे अजिबात पटत नाही, आजही. बायका रडल्या आणि निरोपाला तिची ओटी भरायचं ठरलं. लगेच वाद.

"लग्न कुठे झालंय तिचं?" एकीने विचारलं.

"बोटात आंगठी आसा मगे!" शेजारची मालवणी काकी कडाडली. "देवाशी लगीन लावल्यान तिना. तो काय मरतलो? अखंड सौभाग्यवती ती!"

खोलीभर हशा. दाराजवळ मशीनला तेल घालणारी आईसुद्धा हसली.

संक्रांतीला आई चाळीतल्या इतर विधवांसोबत दाराजवळच होती, मशीनला तेल घालत. नारळ, तांदूळ, खण घेऊन काकी सिस्टरसमोर उभी राहिली. सिस्टरने पदर पुढे केलाच नाही.

"काकी, आमचा संघ कुणी काढला, माहित्येय? दूर देशातल्या एका विधवेने. नवरा गेला तेव्हा घरच्यांनी तिला कोपरा दाखवला. तिने त्या कोपऱ्यात गरिबांच्या पोरी गोळा करून शिकवायला घेतल्या. तिच्या संघातल्या सिस्टर पुढे बोटीने मुंबईत आल्या, शाळा काढल्या. तुमची नात ज्या बाकावर बसते ना, तो तिच्यामुळे. ती आज इथे आली असती तर कुठे बसवली असती तुम्ही? तिथे, दाराजवळ?"

"तिची गोष्ट वेगळी, गो बाये," काकी पुटपुटली.

"वेगळी कशी? आधी दाराजवळच्यांची भरा. मग माझी."

दोघीजणी तणतणत उठून गेल्या. काकी तबक धरून तशीच उभी. मग अख्खी खोली ओलांडून आईपाशी आली.

"ऊठ गो, पदर धर."

आई उठली नाही. तेलाची बुधली खाली ठेवत म्हणाली, "गेल्या वर्षी लाडू गोड लागले होते ना?"

"लागले गो." काकी तिच्यासमोर खाली बसली. "चुकलंय मी."

तेव्हा कुठे आईने पदर धरला. काकीचं बोट तिच्या कपाळाला टेकलं. माझी आई, जी वडील गेल्यावरही लोकांसमोर रडली नव्हती, ती हुंदके देत हसायला लागली.

मग सिस्टरचीही ओटी भरली; त्याच आठवड्यात ती गेली. उठून गेलेल्या दोघी अजून आमच्याकडे येत नाहीत, न येवोत. बाकी चाळीतल्या विधवा आता पहिल्या ओळीत बसतात, आणि नव्या सुनांना यात नवल वाटत नाही.

आता तुम्ही. येत्या संक्रांतीला तुमच्या घरी हळदीकुंकू असेल, तर तुमच्या मजल्यावरच्या विधवेच्या दारात स्वतः जा. निरोप पाठवू नका. तिला आत बसवा आणि पहिलं बोट तिच्या कपाळाला लावा.