चंबूच्या गळ्यातला लाल दोरा

मामा प्रयोगशाळेत काचा धुवायचे. एकतीस वर्षं. धुवायच्या चंबूच्या गळ्यात ते लाल दोरा बांधत, धुऊन झाला की तोच दोरा मनगटावर घेत. इतरांना तो म्हाताऱ्याचा छंद वाटे. संध्याकाळी लाल मनगट बघून बायको म्हणे, "जगाची भांडी घासलीत, आता घरची घासा."

तिथल्या बाई मोठ्या शास्त्रज्ञ. एका रानझाडाच्या सालीत तापावरचं औषध होतं, आणि सोलून सोलून झाडं संपत आलेली. सालीला हात न लावता तेच औषध काचेत जुळवायचं, म्हणून बाई सहा वर्षं झटत होत्या. द्रव तयार होई, पण त्यात औषधाचा खडा, म्हणजे स्फटिक, काही धरत नव्हता.

त्या सकाळी धरला. चंबूच्या तळाशी पांढऱ्याशुभ्र सुया. जो तो बघायला धावला. मामाही टाचा उंचावून बघायला गेले आणि जागीच थिजले. चंबूच्या गळ्यात लाल दोरा होता.

काल लेकीच्या बाळंतपणाचा फोन आला, तशी हातातला चंबू नुसता विसळून ते पळाले होते. ठेवला तो धुतलेल्यांच्या फळीवर. त्यात सालीचा अर्क उकळलेला. म्हणजे या सुया सालीच्याच? दोरा ओढून घ्यायला एक बोट पुरे होतं. कुणाला काही कळलं नसतं.

"बाई, हा चंबू धुतलेला नाही."

बाईंचा चेहरा राखेसारखा झाला. मग त्यांनी बाटलीत उरलेला द्रव कोऱ्या चंबूत ओतला. दुपार कलली तरी तो नितळच. तेव्हा पहिल्या चंबूतली डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी एक सुई त्यांनी आत सोडली. मामांच्या डोळ्यांदेखत अख्खा चंबू पांढरा झाला.

विसळलेल्या काचेला सालीचं चिकटून चिकटून किती चिकटणार? हे तर चांगलं चमचाभर होतं. औषध बाईंचंच होतं. धरायला त्याला सालीतला तेवढा एक कण हवा होता.

बाईंनी प्रयोगाची वही ओढली.

"मामा, पूर्ण नाव सांगा तुमचं."

एकतीस वर्षांत धुतलेल्या हजारो चंबूंची वहीत कुठे ओळ नव्हती. न धुतलेल्या एकाची आज पडत होती. मामांनी पूर्ण नाव सांगितलं. लाल दोरा त्यांनी चंबूच्या गळ्यातच राहू दिला.