लाल त्रिकोणाचं पान

“चित्र वाचायले शाळा लागत नाही, बाई,” इनायतुल्ला एकदा म्हणाला होता. दुर्गाबाईंना ते इतकं पटलं की पुढे कितीतरी दिवस त्या ते जिथे तिथे सांगत राहिल्या.

बाई अमरावतीच्या. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. मुंगी, कोळी, गांडूळ, कपाशीचं फूल. मजकूर जमत होता, चित्रकार मिळत नव्हता. जो मिळे तो मुंगीला चार पाय काढी आणि कोळ्याला हसरं तोंड. एकदा चांदूर बाजारला जाताना रस्त्याकडेच्या कृषी केंद्राच्या भिंतीवर त्यांना वासराएवढी बोंडअळी दिसली. वर लाल फुली, खाली औषधाचं नाव. पण अळीचे पाय बरोबर होते. पुढे खरे पाय, मग रिकामी जागा, मग मागचे बसके. बाईंनी कंडक्टरला बस थांबवायला लावली.

“हे पाय तुम्हाला कोणी सांगितले?” त्यांनी शिडीवरच्या माणसाला विचारलं.

“अळीनं,” तो मागे न बघता म्हणाला. “त्या डब्यात बसली हाय. तुमी बी इचारा.”

तो इनायतुल्ला. अकोल्याच्या अकोट फैलात घर, आणि उभी हयात लोकांच्या भिंतींवर गेलेली. औषध विकणाऱ्यांचा माणूस रंगाचे डबे आणून देई आणि सांगे, “लाल मारा मियाँ, ढळढळीत. लाल दिसला की गिऱ्हाइकाला जोर दिसतो.” इनायतुल्ला मारत असे. अळी मात्र समोर ठेवल्याशिवाय काढत नसे. त्याच्या घरात फळीवर बरण्यांची रांग होती आणि त्याची बायको निखत आल्यागेल्याला सांगे, “एकीत लोणचं हाय, एकीत अळ्या. चमचा घालायच्या आधी मले इचारत जा.”

तो बाईंच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू लागला, तेव्हा त्याचा एकच हट्ट होता. जीव जेवढा, चित्र तेवढंच. मुंगी तिळाएवढी तर पानावरही तिळाएवढी, भोवती सारी पांढरी जागा. छापखानेवाला म्हणे, कागद वाया जातो. पण शाळांमधली पोरं खरी मुंगी पकडून आणत, पानावर छापील मुंगीशेजारी सोडत आणि ती तिला ओळखते का म्हणून श्वास रोखून बघत बसत. बाईंना वाटे, इतक्या वर्षांच्या नोकरीत आपल्याला हे एकदाही घडवता आलं नव्हतं.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. रोजच्या पेपरात कुठल्या तरी गावच्या शेतकऱ्याचं नाव येई आणि ते कशासाठी आलं हे वाचावं लागत नसे. माणसं बातमी वाचण्याआधीच पान उलटत. धारणीकडच्या एका शाळेत बाईंनी पोरांना फवारणीच्या रिकाम्या डब्यातून पाणी पिताना पाहिलं. घरी येऊन त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मग त्यांनी ठरवलं की शेतातल्या किड्यांवरच्या नव्या पुस्तकात शेवटचं पान या डब्यांचं असेल. प्रत्येक डब्यावर एक रंगाचा त्रिकोण असतो. हिरवा, निळा, पिवळा, लाल. हिरवा त्यातल्या त्यात सौम्य, लाल सर्वांत जहाल. पोरांना एवढं कळलं तरी खूप झालं.

इनायतुल्लानं पान काढून आणलं तेव्हा तीन त्रिकोण खऱ्या मापाचे होते आणि लाल त्रिकोणानं अर्धं पान व्यापलं होतं.

“तुमचाच नियम मोडलात की,” बाई म्हणाल्या.

“हे लांबून दिसा लागते, बाई. पोट्ट्यानं लाल पाह्यला का थांबला पाह्यजे.”

बाईंनी खाली आपल्या हातानं लिहिलं, ‘लाल : सर्वांत जहाल. हात लावू नका.’ आणि पुस्तक छापायला गेलं.

पावसाळा सरून कपाशी फुटायला लागली तेव्हा हिवरखेडच्या शाळेतून खुशालराव गुरुजींचा फोन आला. आवाज खुशीत होता.

“बाई, पुस्तक भलतंच चाललं. पोट्ट्यांपेक्षा मायबापच मागून राहिले.”

“मायबाप कशाला?”

“दवाईच्या दुकानात संगं नेतात ना. डब्यावरचं इंग्रजी कोणाले समजते? आता पोट्टेच सांगतात, बाबा, लाल घ्या, लालमध्येच पावर जास्त हाय. आमच्या देवमननं तं पोरीलेच नेलं होतं दुकानात.” गुरुजींनी आवाज खाली आणला. “गेला बिचारा. फवारता फवारता चक्कर आली. अकोल्याले नेलं, पन नाही वाचला. भर उन्हाचं उपाशीपोटी फवारलं, असं म्हणून राहिले लोकं. पोरगी मात्र हुशार हाय त्याची. अपेक्षा नाव तिचं.”

बाईंनी फोन ठेवला. बराच वेळ त्यांना वाटत राहिलं की गुरुजी काही वेगळंच सांगत होते आणि आपणच चुकीचं ऐकलं. शेवटी त्यांनी अकोल्याची गाडी धरली.

इनायतुल्लानं सगळं ऐकून घेतलं. हातातला ब्रश त्यानं रॉकेलमध्ये बुचकळला, पुसला, पुन्हा बुचकळला.

“पोट्टे काय चुकले?” तो म्हणाला. “सारी जिंदगी भिंतीवर हेच तं सांगत आलो मी. लाल म्हंजे जोर. त्याच भिंतीखाली खेळले ते.”

“मजकूर माझा होता, इनायतभाई. जहाल हा शब्द मी घातला.”

“शब्द कोणी पाह्यला?”

दुसरी आवृत्ती छापखान्यात थांबवून ठेवली आणि तो ते पान नव्यानं काढायला बसला. त्यानं लाल त्रिकोणात कवटी काढली आणि गल्लीतल्या पोरांना दाखवली. पोरं म्हणाली, “खतरनाक. एका झटक्यात साफ.” त्यानं पंपाशेजारी पडलेला माणूस काढला. पोरं म्हणाली, “दारू पिऊन पडला.” मग त्यानं डब्यावरच फुली मारली. एक पोरगा हसला. “फुली म्हंजे अळी खल्लास, चाचा. तुमच्याच भिंतीवर हाय ना.”

यानंतर त्यानं काही काढलं नाही. बाईंना वाटलं, थोडे दिवस जातील आणि पुन्हा बसेल. पण एका सकाळी तो थेट अमरावतीला आला, आणि चहासुद्धा न घेता म्हणाला, “मले हिवरखेडले जा लागते. त्या पोरीले सांगा लागते.”

“काय सांगणार तिला?”

“का बेटी, तू वाचलं ते बराबर वाचलं, चित्र माहं चुकलं. आज तिले काही समजत नसन. मोठी झाल्यावर तं समजन ना, बाई? एक दिवस सायन्सचं पुस्तक उघडन अन् समजन. तवा तिच्यापाशी कोण राहीन? त्याच्या आधी माहं नाव तिच्या कानावर पडलं पाह्यजे.”

बाईंनी घराला कुलूप घातलं. त्या त्याच्याबरोबर निघाल्या.

देवमनच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस भरलेला होता. बसायला म्हणून उंबऱ्याजवळ तेवढी जागा उरली होती. गुरुजींनी ओळख करून दिली, “मैनाबाई, हे पुस्तकवाले. बाईनं लिहिलं, चाचानं चित्रं काढले.”

देवमनच्या बायकोचा, मैनाचा, चेहरा ओढलेला होता. पण हे ऐकल्यावर ती लगबगीनं आत गेली, चहा ठेवून आली आणि पदर सारखा करत समोर बसली.

“तुमीच का थे? गावात यंदा अळीनं कोणाचं काही ठेवलं नाही, भाऊ. आमचंच वावर उभं राह्यलं. मानूस गेला, पन जाता जाता पीक वाचवून गेला. पोरीनं दवाई बराबर सांगतली म्हणून.”

अपेक्षा कापसाच्या ढिगावरून घसरत खाली आली. केसांत कापसाचे पुंजके अडकले होते. “बाबा पिवळी घेऊन राहिले होते,” ती म्हणाली. “म्या म्हणलं, लाल घ्या. दुकानवाला बी म्हणला, पोट्टी हुशार हाय.”

“रातभर रडे बापासाठी,” मैना म्हणाली. “मंग मी म्हणलं, तुह्याच दवाईनं बापाची कपाशी जगली. तवा कुठी जेवली.”

बाईंनी इनायतुल्लाकडे पाहिलं. वाटेत गाडीत त्यानं वाक्यं पुटपुटून पाहिली होती, साधी, मुलाला कळतील अशी. आता तो पोरीच्या केसांतला कापूस बघत होता. बाईंना कळलं की ‘चित्र माहं चुकलं’ हे वाक्य या खोलीत उच्चारलं तर ही पोर या घटकेपासून बापाला मारणारी होणार. आणि नाही उच्चारलं तर पुढच्या हंगामात मैना याच पानावर बोट ठेवून दुकानात उभी राहणार.

“मैनाबाई,” बाईच शेवटी म्हणाल्या, “पुढच्या वर्षी ते लाल औषध वापरू नका. अंगाला फार बाधतं ते.”

“काहून? गुण तं आला ना.” मैना हसली, शिकलेल्या माणसाला हसावं तसं. “अंगाले तं सारंच बाधते, बाई.”

अपेक्षानं आतून पुस्तक आणलं होतं. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. तिनं शेवटचं पान उघडून इनायतुल्लाच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, “चाचा, याच्यापेक्षा जोराचा रंग असते का?”

चहा आला होता. इनायतुल्लानं पुस्तक मिटलं, कपाशेजारी ठेवलं. खिशातून पेन्सिल काढून हातात धरली आणि पुन्हा खिशात घातली. गुरुजी म्हणाले, “सांगा ना चाचा, पोट्टी इचारून राहिली.” मैना वाट बघत होती. पोरगी मान वाकडी करून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

तो उठला, उंबऱ्याबाहेरची चप्पल पायानंच चाचपून सरकवली आणि बाहेर पडला.