हृदयाच्या उंचीला

पिरंगुटच्या कारखान्यात मी आठ वर्षं एकच वस्तू करत आले आहे. अंगठ्याएवढं पारदर्शक प्लास्टिकचं घर, त्यात तांदळाच्या दाण्याहून लहान सेन्सर, आणि दोन्ही बाजूंना नळी जोडायची तोंडं. दवाखान्यात अत्यवस्थ रोग्याच्या मनगटातल्या धमनीत एक बारीक नळी घालतात. तिथून सलाइनच्या पाण्याची सलग धार आमच्या या वस्तूपर्यंत येते. हृदयाचा ठोका पडला की रक्ताचा धक्का त्या पाण्याला बसतो, पाण्याचा सेन्सरला बसतो, आणि पडद्यावर लाट उमटते. दंडाला पट्टा बांधून दर वेळी फुगवत बसायला नको, ठोक्याठोक्याला रक्तदाब कळतो. पहिल्या आठवड्यात ट्रेनिंगच्या मॅडमनी हे समजावलं, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिले. बाहेर ठेवलेल्या प्लास्टिकच्या तुकड्याला आतल्या रक्ताचं कळतं, हे काही केल्या माझ्या डोक्यात मावेना.

घरी ते कुणाच्याच डोक्यात मावलं नाही. आमचं घर मुठ्याच्या बाजूला, शेरडं-मेंढरं राखणारं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामा. कारखान्यात आत जाताना टिकली काढायची, बांगड्या काढायच्या, केस टोपीत कोंबायचे, तोंडाला मास्क लावायचा. बांगड्यांशिवायचे हात आत्याबाईंना बघवत नसत.

"नळ्याच करताय न्हवं?" त्या म्हणायच्या. "मग यवडं सोवळं कशापायी?"

"एक केस जरी पडला तरी सगळा ट्रे फेकून देत्यात, आत्याबाई."

"आमच्या दुदाच्या धारंत रोज पडतोय. गाळून घेतो."

मी स्कूटी काढायची आणि निघायची.

दोन वर्षांपूर्वी मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. प्रत्येक सेन्सरला ठरावीक दाब द्यायचा आणि पडद्यावर तोच आकडा येतो का ते बघायचं. शंभर दिला तर शंभर. जरा इकडेतिकडे झालं की तो तुकडा लाल डब्यात. या कामानं मला थोडा ताठा चढला होता, खोटं कशाला बोलू? गावात कुणी विचारलं तर मी "कंपनीत आहे" एवढ्यावर थांबत नसे. माणूस जगतोय का मरतोय हे सांगणारी वस्तू मी पास करते, असं सांगायची. शिवाय प्रत्येक पाकिटात आम्ही एक चित्राची चिठ्ठी घालतो. त्यात झोपलेला माणूस, त्याच्या छातीपासून सेन्सरपर्यंत तुटक रेघ. सेन्सर हृदयाच्या उंचीला असला पाहिजे, हा तिचा अर्थ. खाली राहिला तर वरच्या पाण्याचं वजन त्यावर पडतं आणि दाब आहे त्याहून जास्त दिसतो. अशा किती चिठ्ठ्या मी पाकिटात सरकवल्या असतील, देव जाणे.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. त्यांनी तो दाभणानं उकरून काढला, वर तंबाखू दाबली आणि शेरडांमागे गेले. चौथ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला, अंगात थंडी भरली आणि बोलणं असंबद्ध झालं. पुण्याच्या वाटेवरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना आयसीयूत घेतलं. जखमेचं विष रक्तात गेलंय, रक्तदाब टिकत नाहीये, असं डॉक्टरांनी सांगितलं. दाब धरून ठेवणारं औषध पंपानं थेंबथेंब चालू केलं. पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे आहेत, एवढंच ते बोलले. माझे यजमान खाली औषधांच्या दुकानात आणि कागदपत्रांत अडकलेले. दुपारी चार वाजता भेटायला मी आणि आत्याबाई आत गेलो.

मामांच्या मनगटावर पट्टी होती. तिथून नळी निघून पलंगाशेजारच्या दांडीवर चिमट्यात बसवलेल्या त्या वस्तूपर्यंत गेली होती. निळं टोपण, बाजूला आमच्याच कंपनीची खूण. आठ वर्षांत मी ती कधी चालू अवस्थेत बघितली नव्हती. माझ्या टेबलावर ती कोरडी असते, मुकी असते. इथं तिच्यात पाणी भरलेलं होतं आणि वरच्या पडद्यावर मामांचं रक्त लाल रेघेत चालत होतं. चढ, मग उतरताना एक लहानशी खाच, पुन्हा चढ. ज्या माणसानं मला आठ वर्षांत चार वाक्यं धड बोलून दाखवली नाहीत, त्यांच्या छातीतलं सगळं त्या रेघेवर उघडं होतं. मला मास्कच्या आत रडू आलं. भीतीचं होतंच, पण त्याहून जास्त ते नवलाचं होतं.

"आत्याबाई, त्यो कंसातला आकडा बगा," मी म्हटलं. "त्यो सरासरी दाब. सिस्टर म्हणत्यात, पासष्टच्या वर पायजे."

आत्याबाईंना शाळा ठाऊक नाही, पण बसचे नंबर वाचून त्या एकट्या पौडला जातात. त्यांनी आकडा वाचला. एकसष्ट होता.

दुसऱ्या दिवशीही चार वाजता तो साठ-एकसष्टच्या आसपासच रेंगाळत होता. मामा थोडे शुद्धीवर होते. "उटीव," ते पुटपुटले. उताणं पडून राहणं त्यांना माहीतच नाही. वाघराच्या जाळीत मेंढरं कोंडली की खुंटाला पाठ लावून, घोंगडं घेऊन बसल्या बसल्या झोपणारा तो माणूस. सिस्टर पलीकडच्या रोग्यापाशी होत्या. पलंगाचं बटण माझ्या हाताशी होतं. मी ते दाबलं आणि मामांची पाठ वर उचलली, चांगली आरामखुर्चीइतकी.

कंसातला आकडा चढू लागला. सहासष्ट. एकोणसत्तर. त्र्याहत्तरला जाऊन थांबला.

मला इतका आनंद झाला की मी आत्याबाईंचा दंड धरला. पंप तपासायला सिस्टर आल्या, त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांचाही चेहरा खुलला. "छान आलंय प्रेशर. डॉक्टरांना विचारते, औषध थोडं कमी करता येईल," असं म्हणत त्या टेबलाकडे गेल्या. माझा जीव भांड्यात पडला.

आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चादरीखाली हात घातला आणि मामांच्या चांगल्या पायाच्या मांडीत, आतल्या बाजूला, बोटं टेकवली. करडू आजारी पडलं की त्या हेच करतात. मांडीच्या आत ठोका लागतो, तो बघून करडू तगेल की जाईल ते सांगतात, आणि त्यांचं सहसा चुकत नाही. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या.

"लागंना नीट," त्या म्हणाल्या. "काल लागत हुता. आज लई बारीक हाय."

"आत्याबाई, आकडा बगा की. त्र्याहत्तर हाय."

"आकडा आसल. हितं न्हाई."

"ती वस्तू आमी करतो. मी सोता तपासती. ती चुकत न्हाई," मी जरा घुश्श्यातच म्हटलं. दवाखान्यात, सासऱ्यांच्या उशाशी, सासूशी वाद घालायला मला लाज वाटली नाही. उलट, यांना आता कसं समजवावं याचाच वैताग आला होता.

"पाय बी गार पडलाय," त्या एवढंच म्हणाल्या आणि हात काढला नाही.

आपलंच खरं आहे हे दाखवायला मी पडद्याकडे बोट केलं. मग नळीकडे. मग दांडीवरच्या त्या निळ्या टोपणाकडे. आणि माझं बोट तिथंच राहिलं. सेन्सर कालच्याच जागी होता. मामांची छाती मी वीतभर वर नेली होती.

पाठ उचलल्यानं मामांचा दाब वाढलेला नव्हता, उलट उतरला असणार. मी आनंदानं बघत होते ते वीतभर पाण्याचं वजन होतं. आणि त्या आकड्यावर विसंबून आता औषध कमी करणार होते. मला चिठ्ठीतली तुटक रेघ पाठ होती, कारखान्यातल्या नव्या मुलींना शंभर वेळा शिकवलेली होती.

मी टेबलाकडे धावले. "सिस्टर, सेन्सर खाली राहिलाय. पलंग मी वर केला, तुम्हाला न विचारता." सिस्टर फोन तसाच ठेवून आल्या. त्यांनी चिमटा सैल केला, सेन्सर मामांच्या छातीच्या रेषेत आणला, नळीवरची चावी हवेकडे उघडून पडद्यावर शून्य घेतलं, चावी परत फिरवली. लाल रेघ पुन्हा चालू लागली.

त्रेपन्न.

मग सगळं भराभर झालं. पलंग खाली आला, डॉक्टर आले, औषध वाढवलं, दुसरं एक सुरू केलं, आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. कुणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बाहेरच्या बाकावर मी आणि आत्याबाई शेजारी शेजारी बसलो. मला कारखान्यातलं माझं टेबल आठवत होतं. तो सेन्सर खोटं बोललाच नव्हता. त्याच्यावर जेवढं पाणी उभं होतं तेवढं त्यानं इमानानं मोजून सांगितलं होतं. वीतभराचा फरकसुद्धा त्यानं सोडला नव्हता. आणि या बाईच्या बोटांना, कसलाही आकडा न बघता, तेच कळलं होतं. मी या दोन्हींच्या मधे उभी होते आणि मला काहीच कळलं नव्हतं. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्या रागातसुद्धा नवल वाटत राहिलं.

"आत्याबाई, पलंग मी उचलला," मी म्हटलं. "मामांना कायबाय झालं असतं तर माज्यामुळं झालं असतं."

"मला दिसलं की," त्या म्हणाल्या. "त्येंनीच उटीव म्हटलं. तू उटवलंस." मग म्हणाल्या, "सांगितलंस ना समद्यांदेखत? मग झालं."

ती रात्र काढणं अवघड गेलं. पण दुसऱ्या दिवशी चारला आत गेलो तेव्हा कंसात एकाहत्तर होता. मी सर्वात आधी सेन्सर बघितला. छातीच्या रेषेत होता. औषध वाढवलेलंच होतं, ते हळूहळू उतरवू, असं सिस्टर म्हणाल्या. मामा डोळे मिटून पडले होते. आत्याबाईंनी चादरीखाली हात घातला, थोडा वेळ थांबल्या, आणि मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"हितं बग."

मी हात मागे ओढला. मामांसमोर मी आजही डोक्यावर पदर घेते. सणाला पाया पडते तेवढाच त्यांना माझ्या हाताचा स्पर्श. सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही, आणि हे मला याच बाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं.

"ये," त्या म्हणाल्या. "आठ वरसं ही मोजायची वस्तू करतीस. काय मोजतीस ते तरी बग."

त्यांनी माझी बोटं नेऊन टेकवली आणि वर आपली बोटं ठेवली. "दाबू नगं. नुसती ठेव." आधी काहीच लागलं नाही. मग लागलं. खालून काहीतरी आलं, माझी बोटं उचलली आणि गेलं. पुन्हा आलं. मी मान वर करून पडद्याकडे बघितलं. बोटं उचलली जात होती आणि त्याच क्षणी लाल रेघ चढत होती. मी आत्याबाईंसमोर हमसून रडले. आठ वर्षं हे माझ्या टेबलावरून जात होतं.

मामांनी डोळे किलकिले केले. "कोन हाय?"

"सून हाय तुमची," आत्याबाई म्हणाल्या. "गप पडून ऱ्हावा. तिला बगू द्या."