बाजरी उगवली तरच शेअर

शेअर घेण्याआधी कंपनीच्या मागच्या ओढ्याचं पाणी आणून त्यात बाजरी भिजत घालणारा माणूस साऱ्या शेअर बाजारात शोधून सापडायचा नाही. तो साताऱ्यात आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहतो. आमचे घरमालक आबा मूळचे माण तालुक्यातले, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांच्या गावाकडे पेरणीआधी बियाणं ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतात. आबा तसं पाणी पाहतात. कोंब आले तर शेअर घ्यायचा, नाहीतर कंपनी नापास. घेतलेल्या शेअरांचीही दरवर्षी फेरपरीक्षा. एकदा मी त्यांच्या गोणपाटाला चुकून पाय पुसले, तर एका चांगल्या कंपनीची खरेदी आठवडाभर लांबली!

ही खोड घराण्यातलीच. मेंढरं राखणाऱ्या वडिलांनी हातभट्टीतली भागी नाकारली होती. आबांनी पेन्शन गुंतवताना आधी दारू-तंबाखू वगळली, मग पाण्याची चौकशी लावली, मग गेटवर उभं राहून कामगारांना पगार वेळेवर होतो का तेही विचारू लागले. परवा बँकेतल्या मुलीनं त्यांना जबाबदार गुंतवणुकीचा नवा फंड समजावला. आबा म्हणाले, "पोरी, लय उशीर केलास. पर ह्यातल्या कंपन्यांचं पाणी कुनी बगितलंय का?"

गेल्या वर्षी मात्र कुपवाडच्या एका कारखान्याच्या पाण्यात बाजरी उगवलीच नाही. शेअर जुने, आणि आबांचे जावई तिथेच सुपरवायझर. ते हात जोडून म्हणाले, "मामा, शेअर इका, पर कंपनीच्या सभेत बोलू नका. माझी नोकरी जाईल." इतकी वर्षं आबा नापास कंपनी विकून मोकळे होत. या वेळी ते हट्टाला पेटले. "जावईबापू, इकून मी सुटंन, वढ्याचं काय? भागीदार न्हाई म्हटल्यावर मला इचारू कोन दील?"

भागधारकांच्या सभेत आबा उभे राहिले, ते संचालकांनी पाणी शुद्ध करायचं लेखी कबूल करेपर्यंत बसलेच नाहीत. मला सोबतीला नेलं होतं; त्यांना खाली बसवायला मी तीनदा सदरा ओढला; सदरा उसवला, आबा हलले नाहीत.

जावयांची नोकरी टिकली, पण बदली लांब झाली. लेक दिवाळीला आली नाही. मला या माणसाचा फार अभिमान वाटतो, आणि त्यांना एकटं जेवताना पाहिलं की आमच्याकडची वाटीभर भाजी वर जाते. परवा चहा घेताना म्हणाले, "औंदाबी सभंला जानार मी. पानी खरंच सुदारलंय का, इचारनार." मग कप खाली ठेवला.

"लेकीला तेवढा तू फोन कर," ते म्हणाले. "माझा उचलत न्हाई ती."